पुराच्या वादातले शब्द

जुलै महिना लागला की कोल्हापूर जिल्ह्यात एक आकडा सर्वांच्या तोंडी होतो : त्रेचाळीस फूट. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की ती ‘इशारा पातळी’ आणि ४३ फुटांवर गेली की ‘धोका पातळी’. शाळा सोडायची की नाही, जनावरे हलवायची की नाही, एस.टी. चालू राहणार की नाही, हे सगळे या दोन आकड्यांभोवती फिरू लागते. याच दिवसांत चहाच्या गाड्यापासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत वादही रंगतात. कुणी म्हणतो पूर आला, कुणी म्हणतो अजून कुठे आला. ढगफुटी झाली की नाही, दरवाजे कुणी उघडले, अलमट्टीचा फुगवटा इथवर पोहोचतो की नाही, यावर माणसे हमरीतुमरीवर येतात.

हे वाद आम्ही बरीच वर्षे ऐकत आणि वाचत आलो आहोत. आमच्या पाहण्यात असे आले की त्यांतल्या निम्म्याहून अधिक वादांत दोन्ही बाजूंची माहिती बरोबर असते. दोघे एकच शब्द वापरतात आणि निरनिराळ्या गोष्टी मोजतात. पुढच्या पानांत या शब्दांचीच थोडी तपासणी करायची आहे. वर्तमानपत्रे, शासकीय पत्रके आणि आपले वर्ग, या तिन्ही ठिकाणी ते ज्या सैलपणे वापरले जातात त्यावर आमचा आक्षेप आहे. मात्र ‘हे सारे शब्दांचे खेळ आहेत’ असे म्हणून हात झटकणाऱ्यांशीही आम्ही सहमत नाही. शब्दांचा गुंता सोडवल्यावर जे शिल्लक राहते ते फार खरे असते, आणि वाद घालायचाच तर त्यावर घालावा.

त्रेचाळीस फुटांपासूनच सुरुवात करू. ‘नदी त्रेचाळीस फूट खोल झाली का?’ हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न. तो भाबडा वाटला तरी योग्य आहे, कारण बातमीत त्याचे उत्तर कधीच नसते. नदीकाठी उभारलेल्या मोजपट्टीवर शून्य कुठे धरायचे हे एकदा ठरवून टाकलेले असते. आकडा त्या शून्यापासूनचा. नदीचा तळ त्या शून्याच्या खाली असेल किंवा वर, आणि तो गाळाने दरवर्षी थोडा बदलतही असेल. म्हणून पाटबंधारे खात्याच्या पत्रकात फुटांच्या शेजारी समुद्रसपाटीपासूनची मीटरमधली उंचीही दिलेली असते. ४३ फूट म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ५४३.३ मीटर. वर्तमानपत्रे हा दुसरा आकडा गाळतात. वास्तविक दोन ठिकाणच्या पातळ्यांची तुलना करायला उपयोगी पडतो तो तोच. राजाराम बंधाऱ्यावरचे ४३ फूट आणि सांगलीत आयर्विन पुलावरचे ४३ फूट यांचे एकमेकांशी काही नाते नाही, कारण दोन्हींची शून्ये वेगळी आहेत. तरी ‘सांगलीत इतके, कोल्हापुरात इतके’ अशी शर्यत लावल्यासारखी बातमी येतेच.

त्यात दशांश चिन्हाचा घोळ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने ५५ फूट ७ इंच गाठले, आणि २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फूट ३ इंच. छापताना त्याचे ५५.७ आणि ५६.३ होते. वाचणारा त्याला दशांश अपूर्णांक समजतो. वजाबाकी करून पाहा : फूट-इंचांत फरक ८ इंच, दशांश समजल्यास ०.६ फूट म्हणजे ७.२ इंच. एवढ्याने काय बिघडते, असे म्हणाल. मग हे पाहा : सकाळी ४२.९ आणि दुपारी ४२.१० असा निरोप आला, तर पाणी चढले की उतरले? इंच धरले तर एक इंचाने चढले. शाळेत शिकवलेला दशांश धरला तर ०.८ फुटाने, म्हणजे साडेनऊ इंचांहून अधिक उतरले. एकच संख्या वाचून एक माणूस बोजे बांधायला लागतो आणि दुसरा निर्धास्त होऊन झोपतो. येथे चूक वाचणाऱ्याची नाही. गणिताच्या तासाला आपणच त्याला त्या टिंबाचा अर्थ घोटून शिकवलेला असतो.

यापुढचा प्रश्न ‘धोका’ या शब्दाचा आहे. धोका कुणाला? एका जागेवरची पातळी साऱ्या खोऱ्याच्या वतीने बोलते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती जिथे एकत्र येतात त्या प्रयाग चिखलीच्या आणि शेजारच्या आंबेवाडीच्या सखल वस्तीला पाणी लवकर लागते. उंचावरच्या पेठांत राहणाऱ्याला धोका पातळी ओलांडली तरी पायरी ओली होत नाही. एकाने ‘पूर आला’ म्हणायचे आणि दुसऱ्याने ‘उगाच घाबरवू नका’ म्हणायचे, हे मग ठरलेलेच. केंद्रीय जल आयोगाची वर्गवारी अशी : इशारा आणि धोका पातळीच्या मधला पूर ‘सामान्याहून अधिक’, धोक्याच्या वरचा ‘गंभीर’ आणि आजवरची सर्वोच्च नोंद मोडणारा ‘अतितीव्र’. ही कसोटी राजाराम बंधाऱ्याला लावली तर २०१९ चा विक्रम मोडल्याने २०२१ चा पूर अतितीव्र ठरतो. पण २०१९ चे पाणी ज्याच्या माळवदापर्यंत आले होते त्याला २०२१ चे आठ इंच अधिक पाणी वेगळ्या वर्गातले का, हे कोण समजावणार?

जुन्या लोकांची भाषा या बाबतीत अधिक नेमकी होती, असे आम्हाला वाटते. कोल्हापुरात म्हणतात, ‘मच्छिंद्री झाली’. जुन्या शिवाजी पुलाच्या दगडी बांधकामावरील ठरावीक भागाला पाणी लागले की मच्छिंद्री. येथे फूट नाही, इंच नाही, शून्य कुठले हा प्रश्न नाही. पुलाकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला तीच गोष्ट दिसते. त्याउलट नृसिंहवाडीला कृष्णेचे पाणी दत्तमंदिरात चढून, पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडले की ‘दक्षिणद्वार सोहळा’ होतो आणि स्नानाला गर्दी लोटते. पाणी चढण्याची तीच घटना कोल्हापूरच्या पत्रकात इशाऱ्याच्या दिशेची वाटचाल असते आणि वाडीला पर्वणी. दोन्ही शब्द आपापल्या जागी खरे आहेत. दोहोंना पाण्याची एक निश्चित खूण आहे, आणि खूण असल्यामुळे ‘मच्छिंद्री झाली की नाही’ यावर भांडण झालेले आम्ही ऐकलेले नाही.

‘इतके बंधारे पाण्याखाली गेले’ ही बातमीही दरवर्षीची. परगावचा नातेवाईक ती वाचून घाबरून फोन करतो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पावसाळ्यात पाण्याखाली जावा अशाच बेताने बांधलेला असतो. पावसाळ्याच्या तोंडावर त्याचे बरगे काढून ठेवतात, पाणी मोकळे वाहू देतात आणि पावसाळा सरता सरता बरगे घालून पाणी अडवतात. बंधारा बुडणे ही आपत्ती नव्हे. बंधाऱ्यावरून जाणारी वाट बंद होणे ही अडचण आहे, आणि कधी कधी जिवावरची अडचण. तेवढेच लिहिले तर पुरे.

आता पाऊस. ‘अतिवृष्टी’ हा शब्द महसूल खात्याच्या कामकाजात वापरतात तेव्हा त्याचा अर्थ काटेकोर आहे : महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस. हवामान खात्याच्या पायऱ्या याच्याशी मिळत्याजुळत्या, पण अधिक. ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर ही पहिली जोरदार पायरी, २०४.४ पर्यंत दुसरी आणि त्यापुढे तिसरी. शिवाय त्यांचा ‘दिवस’ सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. म्हणजे मंगळवारी सकाळच्या नोंदीतला बहुतेक पाऊस सोमवारचा असतो. ‘मंगळवारी तर लख्ख ऊन होते, तुमचे आकडे खोटे’ हा आरोप अशा वेळी ऐकू येतो.

ही झाली किरकोळ गफलत. खरी अडचण जिल्ह्याच्या भूगोलात आहे. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि शंभर-एक किलोमीटर पूर्वेला शिरोळला पाचशेच्या आसपास. ६५ मिलिमीटर ही गगनबावड्याला जुलैतली साधी गोष्ट. ‘अतिवृष्टी झाली’ म्हटले तर तिथला माणूस हसेल. शिरोळला तोच पाऊस वर्षभर आठवणीत राहील. आणि शिरोळ तालुका बुडतो तो शिरोळच्या पावसाने नव्हेच. घाटमाथ्यावर पडलेले पाणी पंचगंगेतून आणि कृष्णेतून येऊन तिथे थांबते. डोक्यावर कोरडे आभाळ आणि उसात छातीएवढे पाणी, असे तिथल्या शेतकऱ्याने पाहिलेले आहे. त्याच्या तोंडून ‘अतिवृष्टीने वाटोळे झाले’ असे निघाले, की पर्जन्यमापकाचा कागद दाखवून ‘तुमच्या मंडळात अतिवृष्टी नाही’ म्हणता येते. कागद खरा आहे आणि शेतकरीही खोटे बोलत नाही. त्याला म्हणायचे असते ‘पूर’, आणि तो शब्द वापरला की रांगही वेगळी आणि निकषही वेगळे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ६५ हा आकडा निसर्गाने दिलेला नाही, माणसांनी ठरवलेला आहे. ६४ मिलिमीटरला पीक तगते आणि ६६ ला सडते असे काही नसते. तरीही रेघ कुठेतरी ओढावीच लागते, नाहीतर मदत कुणाला द्यायची हे ठरणारच नाही. रेघ ओढण्याला आमचा विरोध नाही. व्याख्या हा निर्णय असतो हे लपवून ती जणू मोजून सापडलेली वस्तू आहे असे भासवले जाते, त्याला आहे. प्राग येथे २४ ऑगस्ट २००६ रोजी खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून ‘ग्रह’ या शब्दाची व्याख्या ठरवली आणि प्लुटो ग्रहांच्या यादीतून गेला. प्लुटोला त्याचा पत्ताही नाही. तो पूर्वीच्याच कक्षेत फिरतो आहे. मंडळातल्या पर्जन्यमापकापासून पाच-सात किलोमीटरवर ज्याचे शेत आहे, त्याच्या बाबतीत मात्र व्याख्येची रेघ कुठून गेली यावर वर्षाचा संसार अवलंबून असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पूरग्रस्तांना मोफत धान्य देण्याच्या शासकीय आदेशात क्षेत्र दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असण्याची अट होती, आणि तिच्यावर केवढी टीका झाली हे अनेकांना आठवत असेल. घर एक दिवस बुडाले तरी कणगीतले धान्य दोन दिवस बुडाल्याइतकेच भिजते. टीका झाली ती रेघ असण्यावर कमी आणि रेघ चुकीच्या गोष्टीवर ओढण्यावर अधिक, असे आम्ही मानतो.

‘ढगफुटी’वर फार शब्द खर्चण्याची गरज नाही. हवामानशास्त्रात वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तर ढगफुटी. तासाचा हिशेब नसेल तर ढगफुटी म्हणता येत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडले तो प्रकार वेगळा, आणि घाटमाथ्यावर आठ-दहा दिवस धरून लागलेली झड वेगळी. २०१९ चा कोल्हापूरचा पूर झडीचा होता. हा भेद शाब्दिक नाही. ढगफुटीची आगाऊ सूचना देणे आजही फार अवघड आहे. झडीचा अंदाज काही दिवस आधी बांधता येतो. प्रत्येक जोरदार सरीला ढगफुटी म्हटले की पूर्वतयारी कुणी केली नाही हा प्रश्न आपोआप विरून जातो. ‘ढगच फुटला, त्याला कोण काय करणार!’

‘दरवाजे उघडले’ ही तर आपल्या व्याकरणाचीच गंमत. ‘उघडणे’ हे क्रियापद मराठीत सकर्मकही आहे आणि अकर्मकही. ‘शिपायाने दार उघडले’ आणि ‘वाऱ्याने धक्का लागून दार उघडले’, दोन्हींत रूप तेच. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय भरून पाणी ठरावीक पातळीला आले की ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात; एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक विसर्ग होतो. ‘रात्री दोन वाजता राधानगरीचे तीन दरवाजे उघडले’ हे वाक्य अकर्मक आहे. कोयनेचे सहा वक्राकार दरवाजे मात्र माणसे उचलतात, कुणीतरी तसा हुकूम देतो, आणि तो हुकूम सकाळी द्यावा की संध्याकाळी यावर मतभेद होऊ शकतो. बातमीत दोन्ही वाक्ये सारखीच दिसतात. वाचक राधानगरीच्या अभियंत्याला विचारतो, ‘रात्री दोनला दरवाजे उघडायची काय घाई होती?’ आणि कोयनेबद्दल मान डोलावतो, ‘धरण भरले, उघडणारच.’ प्रश्न नेमके उलट्या दारी विचारले जातात. बातमीदाराने ‘आपोआप उघडले’ आणि ‘उचलण्यात आले’ एवढे दोन शब्दप्रयोग पाळले तरी बराच धुरळा बसेल.

हाच मेळ ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दप्रयोगात नाही. पूररेषा दोन : निळी आणि लाल. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात जोते उंच ठेवण्यासारख्या अटींवर परवानगी. घर घेणारा माणूस ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकतो आणि मनाशी हिशेब करतो : मागचा मोठा पूर दोन वर्षांपूर्वी झाला, म्हणजे आता अठ्ठ्याण्णव वर्षे चिंता नाही. जणू पूर म्हणजे सिंहस्थ! संख्याशास्त्रज्ञाच्या मनात अर्थ असतो, ‘कोणत्याही एका वर्षी असा किंवा याहून मोठा पूर येण्याची शक्यता एक टक्का’. या वर्षी आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता घटत नाही. तीस वर्षे त्या घरात राहायचे असेल तर ०.९९ चा तिसावा घात काढा : सुमारे ०.७४. म्हणजे त्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, चारात एक. निळ्या रेषेसाठी ०.९६ घेतले तर ती ७१ टक्के होते. अकरावीच्या विद्यार्थ्याला जमेल असे हे गणित, पण घराच्या जाहिरातीत ते कधी पाहिले नाही.

आणखी एक बाब. हा एक टक्का मागच्या नोंदींवरून काढतात. २०१९ आणि २०२१ या दोन मोठ्या नोंदी यादीत शिरल्यावर हिशेब नव्याने मांडला तर ‘शंभर वर्षांच्या पुरा’ची उंची वाढते. म्हणजे जुन्या नकाशावरचा शंभर वर्षांचा पूर आणि नव्या नकाशावरचा शंभर वर्षांचा पूर हे एकाच नावाचे दोन वेगळे पूर आहेत. लाल रेषा ‘सरकवली’ म्हणून बांधकाम व्यावसायिक आणि नागरिक दोघेही ओरडतात, तेव्हा ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी. ‘दरसाल एक टक्का शक्यतेचा पूर’ असे लांबलचक नाव वापरावे अशी आमची सूचना आहे. जिभेवर बसत नाही हे मान्य. पण जिभेवर बसणाऱ्या नावाने केलेले नुकसान पाहता थोडी गैरसोय सोसावी.

राहता राहिला ‘फुगवटा’. साऱ्या वादांतला हा सर्वांत जुनाट. कर्नाटकातील अलमट्टी धरणामुळे कृष्णेचे पाणी तुंबते आणि म्हणून सांगली-कोल्हापूर बुडते, असे येथील असंख्य लोक छातीठोकपणे सांगतात. २०१९ च्या महापुरानंतर महाराष्ट्र शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२० साली सादर झालेल्या तिच्या अहवालाचा निष्कर्ष, त्या पुराला अलमट्टी कारणीभूत नव्हते, असा होता. अहवाल आला तरी वाद मिटला नाही. का मिटला नाही याची राजकीय उत्तरे पुष्कळ देता येतील. आमच्या मते एक साधे उत्तर असे की ‘फुगवटा’ या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत.

पहिला अर्थ स्थिर जलाशयाचा. अलमट्टीची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६० मीटर. या उंचीची आडवी रेघ नदीच्या तळाला जिथे टेकते तिथवर साचलेले पाणी पसरते. नकाशा आणि पातळी हाती असेल तर हे शाळकरी मुलगाही दाखवू शकेल. ‘फुगवटा तिथवरच संपतो’ असे सांगणारे बहुधा या अर्थाने बोलत असतात.

दुसरा अर्थ वाहत्या पाण्याचा, म्हणजे जलगतिकीचा. नदीत ठरावीक विसर्ग आहे. धरण नसते तर एखाद्या जागी पाणी अमुक उंचीवर असते. खाली धरणात पाणी साठलेले असल्याने ते त्याहून थोडे वर आहे. ही जी जादा उंची, तो फुगवटा. तो स्थिर जलाशयाच्या टोकापाशी थांबत नाही, आणखी वर जातो आणि हळूहळू कमी होत जातो. गणिताच्या दृष्टीने त्याचा वक्र मूळ पातळीच्या जवळ जवळ जातो, पण तिला टेकत नाही. मग तो ‘संपतो’ कुठे? जिथे जादा उंची नगण्य होते तिथे. आणि नगण्य म्हणजे किती, एक सेंटिमीटर की दहा, हे अभ्यास करणाऱ्याने ठरवायचे असते! शिवाय विसर्ग बदलला, धरणातली त्या दिवसाची पातळी बदलली, की फुगवट्याची लांबीही बदलते. तेव्हा ‘अलमट्टीचा फुगवटा कुठवर येतो?’ या प्रश्नाला विसर्ग, पातळी आणि नगण्यतेची मर्यादा सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. तरी त्याला एका गावाचे नाव हे उत्तर म्हणून दिले जाते, आणि दुसरा लगेच दुसऱ्या गावाचे नाव सांगतो.

तिसरा अर्थ शेतकऱ्याचा. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेच्या पाण्याला वाट मिळत नाही, ते मागे सरते, ओढ्या-नाल्यांतून उलटे शेतात शिरते. शिरोळ भागात पाण्याला फूग आली म्हणतात ती ही. ही फूग धरण नसतानाही येते. दोन नद्या एकाच वेळी भरल्या की पुरे. शेतकऱ्याने तुंबलेले पाणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. त्याला ‘फुगवटा नाही’ असे सांगणे म्हणजे त्याच्या डोळ्यांना खोटे ठरवणे. आणि त्याने तेवढ्यावरून ‘अलमट्टीचा फुगवटा आहे’ म्हणणे म्हणजे एका अर्थाचा पुरावा दुसऱ्या अर्थाला जोडणे.

हे तीन अर्थ वेगळे केले की वाद संपतो का? नाही, आणि संपूही नये. दुसऱ्या अर्थाने मोजदाद करता येते. विसर्ग, नदीचे आडवे छेद आणि पातळ्यांच्या नोंदी खुल्या असतील तर ती कोणालाही पडताळता यायला हवी. लोकांचा अविश्वास निष्कर्षापेक्षा या ‘खुल्या असतील तर’वर अधिक आहे, असे आम्हाला दिसते. कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० च्या निवाड्यात अलमट्टीत ५२४.२५६ मीटरपर्यंत पाणी साठवण्यास मुभा दिली आणि महाराष्ट्राचा त्या उंचीला विरोध आहे. ५१९.६० ला केलेला हिशेब ५२४.२५६ ला जसाच्या तसा लागू होणार नाही, मग तो कुणाच्या बाजूचा असो. शिवाय पुराची उंची आणि पुराचा मुक्काम या दोन गोष्टी आहेत. उंचीत चार इंचांचाच फरक पडत असेल, पण पाणी उतरायला दोन दिवस अधिक लागत असतील, तर उसाच्या शेंड्याच्या दृष्टीने तो फरक चार इंचांचा राहत नाही. ‘महापूर’ आपण उंचीने मोजतो. शेतातले नुकसान बरेचसे दिवसांवर ठरते.

‘कारण’ या शब्दाचेही असेच. पुराचे कारण काय, असे विचारले की कुणी घाटातला पाऊस सांगतो, कुणी धरणे, कुणी नदीकाठची बांधकामे, कुणी शिरोलीजवळचा महामार्गाचा भराव. २०१९ आणि २०२१ मध्ये हा महामार्ग पाण्यामुळे बंद पडला होता, तेव्हा भराव डोळ्यांत भरतोच. पण पहिला सांगत असतो पाणी कुठून आले. दुसरा सांगत असतो काय बदलले असते तर पाणी कमी चढले असते. तिसरा सांगत असतो दोष कुणाचा. तिघांचे प्रश्नच वेगळे आहेत, म्हणून एकाच्या उत्तराने दुसऱ्याचे उत्तर खोटे ठरत नाही. पावसाशिवाय पूर नाही हे खरे, पण त्यावरून भराव निर्दोष ठरत नाही. अहवाल वाचताना तो यांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो आहे, हे आधी पाहावे.

एक सावधगिरीही नोंदवतो. व्याख्या मागणे हे टोलवाटोलवीचे साधनही होऊ शकते. ‘आधी पूरग्रस्त म्हणजे कोण ते ठरवू’ म्हणत बैठका लांबवता येतात, आणि तोवर लोक शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपलेले असतात. व्याख्या पावसाळ्याआधी ठरवायची असते.

नदीकाठच्या शाळांतील शिक्षकांना एक उद्योग सुचवतो. आठवी-नववीच्या मुलांना सहज जमेल. २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा गावात अजून भिंतींवर आहेत, किंवा वडीलधाऱ्यांना आठवतात. पाण्याची नळी घेऊन गवंडी जशी पातळी काढतो तशी काढून, त्या खुणांपासून शाळेची पायरी, दवाखान्याचा उंबरा, बसथांबा आणि सर्वांत सखल घर किती फूट-इंच खाली-वर आहेत ते मोजावे. राजाराम बंधाऱ्यावरचे त्या दिवसांचे आकडे शेजारी लिहावेत. बंधारा आणि आपले गाव यांच्यामध्ये नदीला उतार असल्याने दोन्हींतला फरक नेहमी तोच राहील असे नाही. म्हणून पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत मधल्या पातळ्यांच्या नोंदीही जोडत जाव्यात. मग गावच्या पारावर एक तक्ता लावता येईल : बंधाऱ्यावर अमुक फूट अमुक इंच असताना ओढ्याचा पूल बंद, अमुक असताना खालच्या गल्लीत पाणी, अमुक असताना शाळेची पहिली पायरी. इंच इंचातच लिहावेत, टिंब देऊ नये.